ताटाभोवती अडकलेलं लक्ष

ताई, नमस्कार.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. नीटचा क्लास लावलाय. दहावीला तिला 94 टक्के होते. अकरावीच्या दिवाळीपासून काहीतरी बिघडलं. पुस्तक घेऊन तीन-तीन तास बसते, पण जवळ जाऊन बघावं तर पानसुद्धा उलटलेलं नसतं. क्लासच्या सरांनी बोलावून सांगितलं, ‘हिचं लक्ष लागत नाही, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, आहे का बघून घ्या.’

खाण्याचं तंत्रही पार बदललंय. मी वजनासाठी दिवसातून दोनदाच जेवायचं पथ्य सुरू केलं होतं, तेव्हा तीही माझ्याबरोबर करायला लागली. मी दोन महिन्यांत सोडलं, तिने नाही. आता सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी सगळं धरते आणि उपासाचंही खात नाही. क्लासचा डबा तसाच परत येतो. जेवायला बसली तर भाकरीचे इतके बारीक तुकडे करते, की तासभर ताट पुढ्यातच. एरवी मोबाईलवर सतत रेसिपीचे व्हिडिओ बघते, धाकट्या भावाला केक करून घालते, स्वतः बोट लावत नाही. पण दोन-तीनदा रात्री उठून भडंगाचं अख्खं पाकीट आणि डब्यातले लाडू संपवले. सकाळी डोळे रडून सुजलेले. एकदा त्यानंतर बराच वेळ बाथरूमचा नळ चालू होता. पाळी तीन महिने आलेली नाही. सांगलीच्या उन्हातही थंडी वाजते म्हणून सैल स्वेटर घालून बसते.

पूर्वी खो-खो खेळायची, तो दहावीला आम्हीच बंद केला. मागे एका लग्नात तिची आत्या सगळ्यांसमोर ‘कुठल्या गिरणीचं पीठ खातेस गं’ म्हणाली होती. आता तीच म्हणते, ‘लक्ष वेधून घ्यायला नाटकं करते, दुर्लक्ष करा.’ सासूबाई म्हणतात, देवाधर्माचं करते त्यात वाईट काय? मिस्टर म्हणतात, मोबाईल काढून घ्या. परवा आरशासमोर उभी राहून म्हणाली, ‘माझ्यात काहीच चांगलं नाही.’ हे लक्षाचं दुखणं आहे, खाण्याचं की स्वभावाचं? आणि आधी कुणाकडे न्यायचं?

— एक आई, सांगली

*

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. येत्या दोन-चार दिवसांत तिला चांगल्या फिजिशियनकडे न्या. मिरज तुमच्या दाराशी आहे, डॉक्टरांची तिथे वाण नाही. तीन महिने पाळी नाही, उन्हात थंडी वाजते, रात्री खाल्ल्यावर बाथरूमचा नळ चालू राहतो, एवढ्यावरून मला तुम्हाला ‘बघू, होईल बरी’ असं म्हणता येणार नाही. नाडी आणि रक्तदाब आडवं झोपवून आणि उभं करून, दोन्ही प्रकारे मोजायला सांगा. हिमोग्लोबिन, साखर, पोटॅशियम आणि ईसीजीही. उलट्या काढत असेल तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके चुकू शकतात, म्हणून हे सगळं.

डॉक्टरांसमोर एक काळजी घ्या. ‘पाळी येत नाही’ एवढंच सांगितलंत तर पीसीओडीची, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाने पाळी चुकण्याच्या तक्रारीची, शंका घेऊन ‘थोडं वजन कमी कर’ असा सल्ला मिळायची भीती असते. या मुलीच्या कानावर ते वाक्य पडता कामा नये. म्हणून तिला आत घ्यायच्या आधी तुम्ही दोन मिनिटं एकट्या बोला: डबा परत येतो, उपास वाढलेत, रात्रीचं खाणं, नळ, सगळं. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. या दुखण्यात रक्ताचे रिपोर्ट बऱ्याचदा ठीक येतात, वजनही चारचौघींसारखं दिसू शकतं, आणि तरी मुलगी खूप आजारी असते. फिजिशियनच्या पाठोपाठ मानसोपचारतज्ज्ञ. तिथे जायला आढेवेढे घेऊ नका. मध्येच चक्कर येऊन पडली, छातीत धडधडू लागलं, उलटीतून रक्त आलं, पाणीही घेईनाशी झाली किंवा ‘मरून जावंसं वाटतं’ असं काही बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

पत्रावरून मी आजाराचं नाव ठेवणार नाही, तो अधिकार तिला तपासणाऱ्याचा. पण तुम्ही ‘लक्षाचं, खाण्याचं की स्वभावाचं’ असं जे विचारलंत, त्यावर मात्र मला सविस्तर बोलायचंय. कारण तुमच्या घरात, क्लासमध्ये आणि नातेवाइकांत सगळे एकाच शब्दाशी झटताहेत. सर म्हणतात लक्ष लागत नाही, आत्या म्हणते लक्ष वेधून घेते, आणि तुम्ही जिवापाड लक्ष ठेवून आहात. त्या पोरीचं स्वतःचं लक्ष कुठे गेलंय, हे कुणी तिला विचारलंय का?

मला वाटतं ते कुठे गेलेलं नाही. ते अष्टौप्रहर कामात आहे. सकाळी काय टाळलं, दुपारी डब्याचं काय सांगायचं, गुरुवारच्या पुढे संकष्टी कधी येते, लाडवाचा डबा कुठल्या फळीवर आहे, ड्रेस पोटावर घट्ट होतो का. हा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. त्यावर भौतिकशास्त्राचं पान कसं चढणार? माझ्यासमोर बसलेल्या मुली जेव्हा मोकळेपणी बोलतात तेव्हा हेच सांगतात, की पुस्तक उघडं असतं पण आत दुसरीच बेरीज-वजाबाकी सुरू असते. आणि ती कुणाला सांगता येत नाही, कारण सांगितली तर लोक जेवायला घालतील.

याला भक्कम पुरावा आहे, आणि तो मुलींवरच्या नव्हे तर धडधाकट पुरुषांवरच्या प्रयोगातून आलाय. 1944 साली दुसरं महायुद्ध चालू असताना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने 36 तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली ही माणसं होती आणि स्वखुशीने आली होती. शरीराने आणि मनाने निरोगी आहेत अशी पारखून घेतलेली. उपाशी युरोपला युद्धानंतर कसं जेवू घालायचं ते शिकायचं होतं. तीन महिने पोटभर खायला दिलं आणि मग सहा महिने साधारण निम्म्यावर आणलं. त्यांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरलं. पण मला नेहमी थक्क करतं ते त्यांचं वागणं. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. एरवी स्वयंपाकघरात कधी न डोकावलेले तरुण पदार्थांची वर्णनं वाचत बसायचे. पुढ्यातलं एवढंसं अन्न चिवडत, कालवत, तुकडे करत तास-दोन तास पुरवायचे. स्वप्नंही खाण्याची पडायची. उन्हाळ्यातही थंडी वाजायची. काहींचा बांध फुटून ते अधाशासारखं खायचे आणि मग स्वतःला दोष देत बसायचे.

ताई, तुमचं पत्र परत वाचा. रेसिपीचे व्हिडिओ, भाकरीचे बारीक तुकडे, भावाचा केक, स्वेटर, भडंगाचं पाकीट आणि सकाळचे सुजलेले डोळे. त्या तरुणांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी त्यांचं भांडण नव्हतं, कुठल्या आत्याने त्यांना टोमणा मारला नव्हता. उपाशी ठेवल्यावर निरोगी माणूस असाच वागतो. म्हणजे तिचं हे जे तुम्हाला विचित्र वाटतंय, त्यातलं पुष्कळसं भुकेचं काम आहे. रात्रीचं खाणं हा चोरटेपणा किंवा ढिलेपणा नाही. दिवसभर नाकारलेल्या शरीराने आपला वाटा वसूल केलाय. तिला हे कळलं तर तिची निम्मी शरम गळून पडेल.

त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट खास तुमच्यासाठी सांगते. आपलं लक्ष लागत नाही, डोकं चालत नाही, अशी तक्रार ते तरुण सारखी करत. पण बुद्धीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांत घसरण दिसली नाही. बुद्धी जागेवर होती, ती वापरायला मन मोकळं नव्हतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतो, पण ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा खातो. इंधन तोडलं की तो पहिल्यांदा पोटाचीच चिंता करतो. तुमच्या 94 टक्क्यांच्या मुलीची हुशारी आहे तिथेच आहे.

आता सरांच्या एडीएचडीबद्दल. सरांनी बोलावून सांगितलं हे चांगलंच केलं, पुष्कळ क्लासेसमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण एडीएचडी अकरावीच्या दिवाळीत सुरू होत नाही. त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात: शाळेत वह्या विसरणं, बाकावर न टिकणं, सांगितलेलं अर्धवट सोडणं. तुमच्या पत्रात तसं काही नाही. काही मुलांना लहानपणापासून एडीएचडी असतो आणि अशांमध्ये आवेगाने खूप खाण्याचं प्रमाण जास्त आढळतं हेही खरं. म्हणून तिच्या बालपणी तसं काही होतं का, हे आठवून मानसोपचारतज्ज्ञांना सांगा. फक्त खाण्याचा विषय लपवून लक्षाचं औषध मागायला कुठेही जाऊ नका. एडीएचडीला नेहमी दिली जाणारी उत्तेजक औषधं भूक मारतात. उपाशी मुलीच्या हातात भूक मारणारी गोळी पडणं किती धोक्याचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

भुकेने अर्धी गोष्ट समजली. उरलेली अर्धी त्या आरशासमोरच्या वाक्यात आहे: ‘माझ्यात काहीच चांगलं नाही.’

ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्टोफर फेअरबर्न यांनी खाण्याच्या विकारांवर उपचाराची एक पद्धत बसवली. तिच्यात रुग्णाकडून कागदावर एक गोल काढून घेतात. तू स्वतःची किंमत कशाकशावर ठरवतेस, त्याचे या गोलात वाटे पाड, असं सांगतात. मी आपल्याकडच्या मुलींना भाकरी काढायला सांगते. निरोगी दिवसांत त्या भाकरीचे चतकोर, नितकोर बरेच असतात. एक मैत्रिणींचा, एक अभ्यासाचा, एक खेळाचा, एक घरातल्या लाडाचा, एखादा ‘माझं अक्षर छान आहे’ असाही. दिसण्याचाही असतो, तो कुणाला चुकलाय? एका तुकड्याला धक्का लागला तर बाकीचे धरून ठेवतात. खाण्याच्या विकारात दिसण्याचा आणि वजनाचा तुकडा वाढत वाढत जवळजवळ पूर्ण भाकरी गिळतो.

तुमच्या लेकीची भाकरी मी पत्रावरून काढून पाहिली. दहावीला खो-खोचा तुकडा गेला. हे तुम्ही वाईट हेतूने केलं नाहीत, सांगली-मिरजेतच काय, अख्ख्या महाराष्ट्रात दहावीच्या वर्षी मैदानं रिकामी होतात. पण खो-खोत तिचं शरीर काहीतरी करत होतं. खांब गाठत होतं, हुलकावणी देत होतं, पाटीवरच्या पोरीला ‘खो’ देत होतं. तिथे पायांची किंमत पळण्यावर होती, जाडीवर नव्हती. ते गेलं आणि शरीराला फक्त दिसण्याचं काम उरलं. क्लास लागला, मैत्रिणी पांगल्या. राहिले दोन तुकडे, मार्क आणि वजन. मग भुकेने लक्ष उडालं, मार्क घसरले. आता हातात एकच राहिलं, आणि ते ती जिवाच्या आकांताने धरून बसलीये. जितकी धरते तितकं लक्ष उडतं, लक्ष उडालं की मार्क जातात, मार्क गेले की ‘माझ्यात काहीच चांगलं नाही’. आणि तसं वाटलं की निदान उपास तरी नीट करून दाखवू, असं मनाला वाटतं. हे चाक असं फिरतंय. त्यात स्वभावाचा दोष शोधू नका. उलट ती नेटाची, मनावर घेणारी मुलगी आहे. अशाच मुली यात जास्त अडकतात, कारण काही अर्धवट सोडायचं त्यांना जमत नाही.

आरशाबद्दलही सांगते. 2005 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तरुण मुलींना स्वतःचे आणि इतर मुलींचे फोटो दाखवले आणि नजर नेमकी कुठे थांबते ते यंत्राने टिपलं. खाण्याबद्दल ज्यांचं मन बिघडलेलं होतं, त्यांची नजर स्वतःच्या नावडत्या भागांवर खिळायची आणि दुसरीच्या मात्र सुंदर भागांवर. बाकीच्या मुलींचं बरोबर उलटं. पुढे 2011 मध्ये त्याच मंडळींनी स्त्रियांना थोडा वेळ मुद्दाम आपल्या नावडत्या भागांकडे बघायला लावलं, तर त्यांचं स्वतःच्या शरीराबद्दलचं समाधान कमी झालं. आणि नाखूश असलेल्यांना आवडत्या भागांकडे बघायला शिकवलं, तर ते वाढलं. म्हणजे लक्ष जिकडे जातं तिकडे मत झुकतं. तुमची मुलगी आरशात खोटं बघत नाहीये. ती एकाच ठिकाणी बघतेय, रोज, तासन् तास. ‘छे गं, किती छान दिसतेस’ असं म्हटल्याने तिला काही उपयोग होत नाही तो यामुळेच. आपण तिला तिच्याच नजरेच्या जागेवर परत नेऊन उभं करतो.

मला पंधराव्या वर्षी एका लग्नात कुणीतरी ‘अंगाने भरलीस, आता बाई दिसतेस’ म्हटलं होतं. म्हणणारीच्या मनात काही नव्हतं. ती तपकिरी काठाची साडी मी पुन्हा नेसले नाही, आणि आज इतक्या वर्षांनी त्या हॉलमध्ये कुठे उभी होते तेही मला सांगता येतं. मुलीच्या मनात असं वाक्य कुठे जाऊन रुतेल ते सांगता येत नाही. म्हणून आत्याबाईंशी तुम्हीच, घरची सून म्हणून संकोच वाटला तर मिस्टरांनी, स्पष्ट बोलायला हवं. भांडायचं नाही. ‘तिच्या अंगावर, खाण्यावर, कपड्याच्या मापावर यापुढे कुणीही बोलणार नाही, चांगलंही नाही,’ एवढंच.

‘चांगलंही नाही’ हे मुद्दाम म्हणतेय. चार घास पोटात जायला लागल्यावर कुणीतरी कौतुकाने म्हणतं, ‘आता कशी बरी दिसतेस!’ तिला ऐकू येतं, ‘जाड झालीस.’ आणि दुसऱ्या दिवशी डबा परत येतो.

लक्ष वेधून घेण्याच्या आरोपाबद्दल मला मनापासून राग येतो, ताई. ज्याला लक्ष वेधायचं असतं तो सैल स्वेटरमध्ये लपत नाही, नळाच्या आवाजात उलटी लपवत नाही, देवाच्या नावाखाली भूक लपवत नाही. आणि समजा, एखाद्या पोरीला खरंच वाटत असेल की कुणी माझ्याकडे बघावं, मार्कशीटवरून नजर काढून माझ्याकडे बघावं, तर त्यात गुन्हा कोणता? तहानलेल्याने पाणी मागितलं तर आपण त्याला नाटकी म्हणतो का? दुर्लक्ष करा हा सल्ला ऐकू नका.

मोबाईल काढून घ्यायचा का? माध्यमांचा परिणाम होतो यात शंका नाही. फिजीमध्ये भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानायची जुनी रीत, आपल्याकडे बाळसं धरलेल्या मुलाचं कौतुक होतं तशी. तिथल्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि तीन वर्षांनी 1998 मध्ये शाळकरी मुलींना खाण्याबद्दलच्या त्याच प्रश्नावल्या दिल्या. खाण्याबद्दलची वृत्ती बिघडलेल्या मुली 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी उलट्या काढणारी आधी एकही नव्हती, नंतर 11.3 टक्के होत्या. तो एक टीव्ही होता, तोही ठरावीक वेळ चालणारा. आपल्या मुलींच्या हातात तर रात्रंदिवस दुसऱ्यांची सुंदर अंगं सरकत असतात. तरीही फोन हिसकावून घेऊ नका. आत्ता तिच्या हातात फारसा कशाचा ताबा उरलेला नाही, आणखी एक गोष्ट हिसकावलीत तर उरलेला ताबा ती ताटावरच काढेल. तिच्या शेजारी बसून, ‘हे बघितल्यावर तुला कसं वाटतं?’ असं विचारा आणि ज्या अकाउंटने मन खट्टू होतं ती तिनेच बंद करावीत. जेवताना मात्र सगळ्यांचेच फोन दूर, मिस्टरांचाही.

आता तुमचं पथ्य. तुम्ही ते लपवलं नाहीत, पत्रात लिहिलंत, म्हणून मी बोलू शकते. त्या पथ्याने हे झालं असं मी म्हणत नाही. आईने दोन महिने कमी खाल्लं म्हणून कुणी मुलगी आजारी पडत नाही, कारणं गुंतलेली असतात, त्यात जन्मजात कलही असतो. पण आता तुमच्या घरातली ‘माझं पोट बघ किती सुटलंय’, ‘आज गोड झालं, उद्या भरून काढते’ ही वाक्यं थांबू द्या. वजनकाटा माळ्यावर टाका. तुम्ही तिच्यासमोर आमटी-भाकरी, भात, वर तूप, असं शांतपणे, काही न बोलता खा. मुली ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात.

आणि दोनदाच जेवायचं हे तिच्यासाठी कायमचं बंद. साधारण तीन जेवणं आणि दोन वेळचं मधलं खाणं, ठरलेल्या वेळी, कुणीतरी सोबत बसून. किती वाढायचं ते पहिले काही दिवस डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तसं. फार दिवस कमी खाल्लेल्या शरीराला एकदम भरपूर घालणंही धोक्याचं असतं, म्हणून हे मनाने करू नका. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास तिच्यासोबत राहा. पहारा वाटू नये असं. भावाबरोबर पत्ते खेळा, रांगोळीची वही काढा, काहीही. नळाच्या मोहाची वेळ तेवढीच असते. ताटावर वाद घालायचा नाही, ‘एवढं संपव नाहीतर’ असं काही नाही, रडून दाखवायचं नाही. ‘हे तुझं आत्ताचं औषध आहे, मी इथेच बसलेय’, एवढं पुरे. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये 1980च्या दशकात किशोरवयीन मुलींसाठी जी उपचारपद्धत तयार झाली, तिच्यात आई-वडिलांनाच जेवू घालण्याची सूत्रं हाती घ्यायला शिकवतात, आणि या वयात, दुखणं फार जुनं झालेलं नसताना तिचा चांगला गुण येतो. तुम्ही गुन्हेगार म्हणून पिंजऱ्यात नाही आहात, उपचारातला मुख्य हात तुमचा आहे.

सासूबाईंकडे मला एक मागणं मागायचंय. हा निरोप त्यांना वाचून दाखवा. आजी, नातीचे उपास तुम्ही सोडवू शकता, ते आम्हा कुणाला जमणार नाही. आजाऱ्याला, पोरासोरांना, गरोदर बाईला उपासातून मोकळीक असते, हे तुम्हालाच माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तिला जवळ घ्या आणि सांगा, ‘तुझा सोमवार मी धरते, तू जेव. बारावी होईपर्यंत तुझे सगळे वार माझ्याकडे.’ देवापाशी तिचं काही राहून जाईल ही टोचणी तिच्या मनात खरी असली तर ती तुमच्या एका शब्दाने जाईल. आणि उपास फक्त आडोसा असला, तर तो आडोसा प्रेमाने दूर होईल. कुणी तिला खोटं पाडलं असं होणार नाही.

तिच्याशी बोलायचं कसं, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. जेवणाच्या वेळी नको आणि ‘आम्हाला सगळं कळलंय’ अशा थाटात नको. भांडी घासताना, गाडीवरून येताना, जिथे एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तिथे. वजनाबद्दल एक अक्षर न काढता. ‘तुला सारखी थंडी वाजते, रात्री झोप नसते, आणि डोक्यात काहीतरी सतत चालू असतं असं मला वाटतं. दमली असशील. मी ऐकते.’ ती म्हणेल, ‘काही नाही.’ चिडेलही. सोडून द्या, दोन दिवसांनी परत बोला. डॉक्टरकडे जाणं मात्र तिच्या होकारावर ठेवू नका. ताप आला असता तर तिची परवानगी मागितली असती का?

तज्ज्ञ तिला बहुधा काही प्रश्नावल्या देतील. खाण्याबद्दलच्या वृत्तीची 26 प्रश्नांची एक चाचणी जगभर वापरतात, टोरांटोच्या संशोधकांनी 1982 साली ती आजच्या रूपात आणली. तीत 20 किंवा त्याहून जास्त गुण आले तर नीट तपासणी करायची, असा तिचा अर्थ. ते निदान नव्हे आणि परीक्षाही नव्हे. आत्मसन्मानाची एक दहा वाक्यांची चाचणीही देतील कदाचित. मार्कांची सवय असलेल्या मुलीला त्या आकड्यांचंही ओझं होतं, तेव्हा आकडा घरी चर्चेला आणू नका.

नीटबद्दल शेवटचं. यंदा जमलं तर जमलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर एक वर्ष मागे पडू द्या, आणि हे तिला मिस्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मोडलेल्या पायाने कुणी मुलीला पळवत नाही. खो-खो आत्ता लगेच नको, शरीर भरून येईपर्यंत आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळापळ बंदच. पण संध्याकाळी मैदानावर जाऊन बसायला, धाकट्या मुलींना हुलकावण्या दाखवायला, जुन्या मैत्रिणींना भेटायला काय हरकत आहे? रांगोळी आहे, भावाला शिकवणं आहे. तिच्या भाकरीचे हरवलेले तुकडे एकेक करून परत यायला हवेत, आणि त्यातला कुठलाही वजनाशी किंवा मार्काशी बांधलेला नको.

याला वेळ लागेल. मिनेसोटातल्या त्या तरुणांनाही पोटभर मिळायला लागल्यावर भुकेची ओढ शमायला महिने लागले होते, आणि त्यांच्या मनात तर आरशाचं काही नव्हतं. मध्ये वाईट आठवडे येतील, एखादा डबा परत येईल. तेवढ्याने सगळं वाया गेलं असं समजू नका.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला लिहा. त्या पत्रात तिचं वजन लिहू नका. या आठवड्यात ती कशावर हसली, तिने काय वाचलं, कुठल्या मैत्रिणीचा फोन आला, ते लिहा.